सेकंड हँड इलेक्ट्रिक हॅचबॅक कशी पारखायची: टियागो, कॉमेट आणि ई-सी३

ताईनं मला तीन जाहिरातींचे फोटो पाठवले. तिन्ही टाटाच्या टियागो ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक टियागो, तिन्ही २०२३ च्या, आणि तिन्हींखाली एकच ओळ: ‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन’. किमतींत मात्र लाखभराचा फरक. तिचा प्रश्न साधा होता, यातली कुठली घेऊ? फोटोंवरून सांगता येईल असं त्यात काहीच नव्हतं. पेट्रोलची जुनी गाडी घेताना मेकॅनिक बोनेट उघडतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर बघतो. इथं आवाज नाही, धूर नाही आणि गाडीच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा सीटखाली बंद पेटीत बसलेला आहे. म्हणून या गाड्यांची तुलना वेगळ्या पद्धतीनं करावी लागते. आम्ही दोन आठवडे ती केली. कशी केली ते क्रमानं सांगतो.

आधी स्वतःचे किलोमीटर लिहून काढा

गाडी बघायला जाण्याआधी आठवडाभर रोजचं अंतर वहीत लिहा. ताई तळेगावला राहते, शाळा चिंचवडला. जाऊन-येऊन आणि बाजारहाट धरून रोजचे ४५ किलोमीटर, म्हणजे महिन्याला हजाराच्या आसपास. शिवाय महिन्यातून एकदा साताऱ्याला सासरी, एका बाजूनं साधारण दीडशे किलोमीटर आणि मध्ये खंबाटकीचा घाट. एवढ्या माहितीवर निम्म्या गाड्या आपोआप यादीतून गळतात.

तुमचं महिन्याचं फिरणं पाचशे किलोमीटरच्या आत असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: इलेक्ट्रिकचा हट्ट धरू नका. बचत किलोमीटरमागे होते, उभ्या गाडीत काही वाचत नाही. हजाराच्या पुढे मात्र हिशोब पालटतो. भिंतीवरच्या सॉकेटमधून घेतलेल्या एका युनिटवर या छोट्या गाड्या शहरात ७-८ किलोमीटर जातात. युनिटला १२ रुपये धरले तरी किलोमीटरला दीड-पावणेदोन रुपये पडतात. शंभरीपार पेट्रोलवर शहरात १५ चं ॲव्हरेज देणारी गाडी ७ रुपये खाते.

दुसरा प्रश्न चार्जिंगचा, आणि त्याचं उत्तर गाडी ठरवण्याआधी हवं. तुमच्या पार्किंगपर्यंत १५-१६ अँपिअरचा, नीट अर्थिंग असलेला सॉकेट येऊ शकतो का? वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग नसेल तर या गाड्यांचा चार्जर बहुधा चार्जिंगच सुरू करत नाही. सोसायटीत राहत असाल तर कमिटीशी आधी बोला आणि तुमच्या मीटरवरचा मंजूर भार बघा. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात, त्यामुळे महिन्याला वाढलेली सव्वाशे-दीडशे युनिटं तुम्हाला महागड्या टप्प्यात नेऊ शकतात. चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घेता येते. तिचा दर आणि तुमचा टप्पा शेजारी-शेजारी मांडून बघा. घरी किंवा कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोयच नसेल आणि सगळा भार सार्वजनिक चार्जरवर असेल, तर वरची बचत बरीचशी वितळते.

बाजारात खरोखर मिळणाऱ्या तीन गाड्या

युनिट हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात लिहितात. एक किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलातलं एक युनिट. २४ किलोवॅट-तासांची बॅटरी म्हणजे २४ युनिटांची टाकी.

टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आली, त्यामुळे वापरलेल्या बहुतेक गाड्या २०२३ पासूनच्या. दोन बॅटऱ्या येतात, १९.२ युनिटांची आणि २४ युनिटांची. कंपनीनं सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाण्याचं अंतर, सुरुवातीला अनुक्रमे २५० आणि ३१५ किलोमीटर होती. कंपनीच्या आकड्याचा दोन तृतीयांश भाग खरा धरायचा, हा माझा ठोकताळा तिन्ही गाड्यांना लागू पडतो. म्हणजे छोटीचे १६०-१७०, मोठीचे २००-२१०. बॅटरीला पाण्यासारख्या द्रवानं थंड ठेवायची व्यवस्था आहे, सीसीएस-२ प्रकारच्या प्लगचं फास्ट चार्जिंग आहे, आणि बॅटरी व मोटरला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी येईल तोवर वॉरंटी आहे. घरचा चार्जर ३.३ किलोवॅटचा. मोठ्या बॅटरीच्या काही वरच्या व्हेरिएंटना ७.२ किलोवॅटचा मिळाला. पहिल्यावर मोठी बॅटरी दहा टक्क्यांवरून भरायला पावणेनऊ तास लागतात, दुसऱ्यावर सुमारे साडेतीन.

इथं एक फसगत हमखास होते. ‘टियागो ईव्ही टॉप मॉडेल’ असं लिहिलेल्या जाहिरातीत बॅटरी कुठली ते लिहिलेलं नसतं. विक्रेत्यालाही कधीकधी ठाऊक नसतं. मोटरवरून ओळखता येतं: छोट्या बॅटरीसोबत ४५ किलोवॅटची मोटर, मोठीसोबत ५५ ची. चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये खात्री करा.

एमजी कॉमेट एप्रिल २०२३ ची. दोन दरवाजे, चार माणसं, लांबी तीन मीटरच्याही आत. १७.३ युनिटांची बॅटरी, कंपनीची रेंज २३० आणि खऱ्या वापरात दीडशेच्या आसपास. शनिवारवाड्याच्या मागच्या पेठांत किंवा दादरच्या बाजारात हिच्याइतकी सुटसुटीत गाडी मला दुसरी दिसली नाही. पण तिला डीसी, म्हणजे हायवेवरच्या मोठ्या चार्जरवरचं, फास्ट चार्जिंग नाही. नंतर ‘एफसी’ नावाची व्हेरिएंट आली, तिच्यातलं फास्ट चार्जिंगही ७.४ किलोवॅटच्या एसी, म्हणजे घरच्यासारख्या विजेच्या, चार्जरवरचं आहे. म्हणजे हायवेवर थांबून तासाभरात पुढं निघणं नाही. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख २० हजार किलोमीटर. मागची सीट न दुमडता सरळ ठेवली तर डिकीत पिशवी कशीबशी मावते.

कॉमेटबाबत एक प्रश्न विसरलात तर महागात पडेल. सप्टेंबर २०२४ पासून ही गाडी बॅटरी भाड्यानं घेऊनही विकली गेली. गाडीची किंमत कमी आणि बॅटरीचे पैसे चालवलेल्या किलोमीटरवर. अशी गाडी स्वस्त दिसते, कारण अर्धी वस्तू अजून फायनान्स कंपनीची असते. त्यामुळे सप्टेंबर २०२४ नंतरची कॉमेट असेल तर पहिलं वाक्य हेच विचारा: बॅटरीचे पैसे पूर्ण भरलेत का, आणि त्याची एनओसी आहे का?

सिट्रोएन ई-सी३ फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. तिघींत बॅटरी सर्वांत मोठी, २९.२ युनिटांची, आणि डिकीही ऐसपैस. रेंजचा दावा ३२० किलोमीटर. पण बॅटरी हवेवर थंड होते, घरचा चार्जर ३.३ चाच, म्हणजे दहा टक्क्यांवरून पूर्ण भरायला साडेदहा तास. बॅटरीची वॉरंटी ७ वर्षं किंवा १ लाख ४० हजार किलोमीटर. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडं ४५ अंशांच्या उन्हाळ्यात रोज फास्ट चार्जिंग करणार असाल, तर मी द्रवानं थंड होणाऱ्या बॅटरीकडंच जाईन. आणखी एक गोष्ट मला टाळता येत नाही. गाड्या आदळून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या मार्च २०२४ च्या चाचणीत या गाडीला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. पेट्रोल टियागोला २०२० मध्ये चार मिळाले होते. इलेक्ट्रिक टियागोचं वजन वेगळं, त्यामुळे तो निकाल तिला तसाच्या तसा लावता येणार नाही. तरी घरात लहान मुलं असतील तर ई-सी३ कितीही स्वस्त मिळाली तरी मी सुचवणार नाही.

महिंद्राची जुनी ई-टू-ओ कुठंतरी लाखभरात दिसेल. तिचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली. ती गाडी दुरुस्तीचा छंद असणाऱ्यांसाठी ठेवा.

ताईचं उत्तर इथंच निघालं. कॉमेट रोजच्या शाळेला पुरली असती, पण साताऱ्याला नाही. १९.२ ची टियागो साताऱ्याला पोचेल, पण घाट, एसी आणि चार माणसं धरली तर पोचेपर्यंत जिवाला घोर. म्हणजे २४ युनिटांची टियागो. खरं काम इथून पुढं सुरू झालं, कारण तशा टियागो आमच्यासमोर दोन होत्या.

बॅटरी मोजायची कशी

डॅशबोर्डवर ‘अजून २२० किलोमीटर’ असा जो आकडा दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका. आधीचा मालक हळू चालवत असेल तर तो फुगतो, भरधाव चालवत असेल तर आटतो. बॅटरीच्या प्रकृतीशी त्याचा थेट संबंध नाही.

पहिला मार्ग अधिकृत सर्व्हिस सेंटरचा. तिथं गाडीला संगणक जोडून बॅटरीचा अहवाल काढतात, त्यात एसओएच म्हणजे बॅटरीचं उरलेलं आरोग्य टक्क्यांत असतं. विक्रेत्यासोबत स्वतः जा आणि अहवाल डोळ्यांसमोर काढून घ्या. व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट कुठल्या गाडीचा ते कळत नाही.

दुसरा मार्ग आपल्या हातातला आहे आणि मला तो जास्त आवडतो. टाकीत किती मावतं ते ओतून बघायचं. या तिन्ही गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी आहे. ती टिकाऊ असते, पण तिचा टक्क्यांचा काटा मधल्या भागात भरकटतो, कारण या बॅटरीचा विजेचा दाब (व्होल्टेज) ८० टक्क्यांवरही आणि ३० टक्क्यांवरही जवळजवळ सारखाच राहतो. एकदा पूर्ण शंभर टक्के चार्ज केली की काटा जागेवर येतो. म्हणून क्रम असा ठेवा.

मालकाला आधी गाडी १०० टक्के चार्ज करायला सांगा. मग नेहमीच्या वापरात ती १५-२० टक्क्यांवर येऊ द्या. त्यानंतर रात्री घरच्या सॉकेटवर लावताना गाडीतले टक्के आणि वीजमीटरचं रीडिंग, दोन्हींचे फोटो काढा. सकाळी १०० टक्के झाल्यावर पुन्हा फोटो. रात्री गीझर, एसी बंद हवेत. फ्रिजचं एखादं युनिट वजा करा. प्लगमध्ये बसणारा छोटा ऊर्जा-मीटर मिळाला तर उत्तमच, पण तो १६ अँपिअर तासन्‌तास झेपणारा हवा. विजेचे पैसे मी देतो, असं आधीच सांगा. बहुतेक माणसं मग तयार होतात. जो अजिबात तयार होत नाही, त्याच्या गाडीबद्दल मी दोनदा विचार करतो.

हिशोब सोपा आहे. मीटरवरची युनिटं गुणिले ०.९, कारण साधारण दहा टक्के वीज चार्जरमध्ये उष्णता होऊन जाते. आलेल्या आकड्याला भरलेल्या टक्क्यांनी भागा. आमच्या पहिल्या टियागोनं १८ वरून १०० पर्यंत, म्हणजे ८२ टक्क्यांना, २१.३ युनिटं घेतली. २१.३ गुणिले ०.९ म्हणजे १९.२, भागिले ०.८२, उत्तर २३.४ युनिट. दुसरीनं २० वरून १०० पर्यंत १८.४ युनिटं घेतली, उत्तर २०.७. माहितीपत्रकातल्या २४ शी फार काटेकोर तुलना करू नका, दहा टक्क्यांची वजावट हा अंदाज आहे. पण दोन गाड्या एकाच पद्धतीनं मोजल्या तर त्यांच्यातला फरक खरा असतो. इथं तो पावणेतीन युनिटांचा, म्हणजे वीसेक किलोमीटर रेंजचा होता.

यातली गंमत अशी की कमी भरणारी दुसरी गाडी फक्त १९ हजार किलोमीटर चाललेली होती आणि तिचीच किंमत जास्त होती. पहिली ५८ हजार चाललेली. दुसरीच्या मालकाकडं आणखी दोन गाड्या होत्या, ही उन्हात, बहुतेक वेळा पूर्ण चार्ज करून उभी असायची. भरलेली बॅटरी तापत उभी राहणं तिच्या तब्येतीला रोजच्या मध्यम वापरापेक्षा वाईट. पेट्रोल गाडीच्या सवयीनं आपण ‘कमी चाललेली म्हणजे चांगली’ असं धरून चालतो. इथं ते तपासल्याशिवाय धरू नका.

उरलेली वॉरंटी किमतीत मांडा

एप्रिल २०२३ मध्ये नोंदलेल्या टियागोची बॅटरी वॉरंटी वर्षांच्या हिशोबानं एप्रिल २०३१ ला संपते, किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. ताई वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवणार. ५८ हजारांवर घेतलेली गाडी २०३१ पर्यंत सव्वा लाखाच्या आसपास जाईल, १ लाख ६० हजारांची मर्यादा तिच्या वाटेत येतच नाही. म्हणजे दोन्ही गाड्यांना वॉरंटी तेवढीच शिल्लक, आणि जास्त चाललेली गाडी स्वस्त. मागितलेली किंमत भागिले वॉरंटीची उरलेली वर्षं, असा आकडा प्रत्येक गाडीपुढं लिहा. मला दुसरा कुठलाही तक्ता इतका उपयोगी पडलेला नाही. तुमचं फिरणं वर्षाला २५ हजारांचं असेल, तर मात्र किलोमीटरची मर्यादा आधी येईल. तेव्हा उलट हिशोब करा.

वॉरंटीचं पुस्तक पूर्ण वाचा. दुसऱ्या मालकाला ती मिळते का, त्यासाठी काही अर्ज लागतो का, सर्व्हिस चुकलेली असेल तर काय होतं आणि बॅटरी किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून मिळते, या चार गोष्टींची उत्तरं लेखी हवीत. नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमतही शेजारी लिहा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवर तो ५ टक्केच राहिला. नवी पेट्रोल गाडी त्यामुळे तुलनेनं स्वस्त झाली. जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या भावात घासाघीस करताना हा मुद्दा वापरा.

गाडीभोवती फिरून

चार्जिंगचं झाकण उघडून पिना बघा, कुठं तपकिरी किंवा वितळल्यासारखं दिसतंय का. तसंच सोबतच्या चार्जिंग केबलचा तीन पिनांचा प्लग हातात घेऊन बघा. सैल सॉकेटमध्ये रात्रभर चार्ज केलेल्या केबलच्या पिना काळवंडतात. केबल गाडीसोबत मिळणार ना, हे टोकन देण्याआधी ठरवा, नवी घ्यायला चांगलेच पैसे पडतात.

गाडी रॅम्पवर चढवून खालून बॅटरीची पेटी बघा. खरचटणं चालेल, पोचा किंवा वाकलेला कोपरा चालणार नाही. आपल्याकडच्या बेकायदा गतिरोधकांवर या पेट्या घासतात. टियागोच्या कूलंटची पातळी बघा.

पाण्यात बुडालेली गाडी ओळखायला जास्त वेळ द्या. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्यानं सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंग बुडाली होती. अशा भागातल्या गाड्या दुरुस्त होऊन लांबच्या गावी विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ तिथंच राहते. सीटच्या खालच्या रुळांवर गंज, मॅटखाली कुबट वास, डिकीच्या तळाशी गाळ. विम्याचा क्लेम इतिहास मागा. शंका राहिली तर गाडी सोडा, उच्चदाबाच्या गाडीत हा धोका पत्करायचा नाही.

टायर पुढचे आणि मागचे वेगवेगळे बघा. टियागो आणि ई-सी३ ला पुढच्या चाकांतून ओढ मिळते, आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून असल्यामुळे पुढचे टायर लवकर घासतात. कॉमेटचं उलट, तिथं मागची चाकं ओढतात. ब्रेकच्या डिस्कवर गंज दिसला तर घाबरू नका, या गाड्यांत ब्रेक कमी वापरला जातो.

ट्रायल घेताना गाडी ७०-८० टक्क्यांवर असू द्या. पूर्ण भरलेल्या बॅटरीत रिजनरेशन, म्हणजे वेग कमी होताना चाकांकडून वीज परत बॅटरीत भरणं, नीट चालत नाही, मग ते बिघडलंय की बॅटरी भरलीय ते कळत नाही. टियागोत त्याच्या पातळ्या बदलता येतात, प्रत्येक पातळीवर उतारावरून जा. चढावर एसी पूर्ण लावून जोर बघा. शेवटी जवळच्या डीसी चार्जरवर दहा मिनिटं लावा, कॉमेट सोडून. तिथं नीट चार्ज होणं म्हणजे अर्धी विद्युतयंत्रणा ठीक असल्याची पावती. गाडीतली साधी १२ व्होल्टची बॅटरी किती जुनी, तेही विचारा. ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही.

कागद आणि पैसे

हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर गाडी खासगी, पिवळी असतील तर टॅक्सी. पाटी बदलता येते, म्हणून आरसीवरचा वर्ग वाचा. एमपरिवहन ॲपवर विमा आणि बँकेचा बोजा, महाट्रॅफिक ॲपवर थकलेली ई-चलानं. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८. पीयूसी लागत नाही.

एजंट ‘१८ टक्के जीएसटी वेगळा’ म्हणाला तर थांबा. तो नोंदणीकृत डीलरच्या नफ्याच्या रकमेवर असतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. दोन व्यक्तींमधल्या थेट व्यवहारात तो लागत नाही.

ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सह्यांनी करा. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल. पॉलिसीत बॅटरीत पाणी जाऊन झालेलं नुकसान धरलंय का ते विचारा.

आणि सहसा राहून जाणारी एक गोष्ट: गाडीचं मोबाईल ॲप. आधीच्या मालकाच्या फोनवर ते जोडलेलं राहिलं, तर तुमची गाडी कुठं उभी आहे हे त्याला दिसत राहतं. त्याच्यासमोर ते काढून टाका आणि स्वतःच्या नंबरवर जोडा. फास्टॅगही नवा घ्या आणि त्यावर गाडीची नोंद इलेक्ट्रिक म्हणून बरोबर झालीय ना ते बघा. राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. नोंद चुकली तर पैसे कापले जातात.

ताईनं ५८ हजार चाललेली टियागो घेतली. पुढचे टायर घासलेले होते, त्यांचे पैसे किमतीतून कमी करून घेतले. आठवड्यातून एकदा ती गाडी शंभर टक्के चार्ज करते, बाकी दिवस ऐंशीवर थांबवते. डॅशबोर्डच्या खणात तिनं एक वही ठेवलीय, त्यात दर रविवारी किती टक्के, किती युनिटं, किती किलोमीटर ते लिहिते. उद्या ही गाडी विकायची वेळ आली, तर ती वहीही सोबत द्यायची, असं तिनं ठरवलंय.